शेवटची कदंब किती वाजता?

पेडणे तालुक्यातले संगीत महोत्सव पर्यावरणपूरक व्हायला हवेत, यावर आता सर्वांचं एकमत आहे. स्ट्रॉ कागदाची असावी. पाण्याची बाटली घरून आणावी. त्याप्रमाणे एक जागरूक रसिक दिल्लीहून बाटली घेऊन विमानात बसतो, मोपाच्या विमानतळावर उतरतो, एकट्यासाठी टॅक्सी करतो आणि मुक्कामी पोचल्यावर कागदी नळीने शहाळं पितो. नळी दोन घोटांत विरघळते, तिच्याबरोबर त्याचं पापही.

अशा जलशांच्या प्रदूषणात मोठा वाटा असतो तो रसिकांच्या येण्याजाण्याचा. 'मॅसिव्ह अटॅक' या इंग्रजी बँडने मॅंचेस्टरच्या टिंडल केंद्राकडून याचा अभ्यास करून घेतला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. मग ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी ब्रिस्टलला जलसा केला तो त्या अभ्यासाला धरून: मैदानापासून रेल्वे स्टेशनपर्यंत विजेवरच्या बसगाड्या फुकट, रात्री परतीला जादा आगगाड्या आणि तिकिटं आधी आसपासच्या रहिवाशांना. आमच्याकडेही आसपासच्या रहिवाशांना प्राधान्य आहे. आवाज आधी त्यांनाच मिळतो.

तसं पाहिलं तर गोव्यात सर्वांत जास्त प्रवास रसिकांनी केलेला नाही, महोत्सवानेच केला आहे. सनबर्न हा महोत्सव २००७ साली कांदोळीला सुरू झाला, तिथून वागातोरला गेला, २०१६ साली पुण्याजवळ केसनंदला जाऊन आला, पुन्हा वागातोरला बसला, मग दक्षिण गोव्याकडे नजर टाकून तिथल्या लोकांनी हाकलल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या धारगळला टेकला. ग्रामस्थ विरोधात, आमदार विरोधात, प्रकरण हायकोर्टात, आणि तरी २८ ते ३० डिसेंबर असे तीन दिवस वाजायचं ते वाजलंच. २०२५ च्या डिसेंबरात तो मुंबईला, शिवडीला गेला. शिवडी हार्बर लाईनवर आहे. म्हणजे महोत्सवाला लोकलने जायची सोय जी आम्हाला इतक्या वर्षांत जमली नाही, ती गोवा सोडताच आपोआप झाली. पर्यावरणासाठी गोव्याने याहून मोठं योगदान काय द्यायचं?

धारगळची निवड मात्र चुकीची म्हणता येणार नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांनी एकाच दिवशी मोपाचा विमानतळ आणि धारगळचं आयुर्वेद संस्थान अशी दोन उद्घाटनं केली. इथं उतरावं, तिथं बरं व्हावं. मधल्या वेळात काय करावं, ते महोत्सवाने ठरवलं. जुलै २०२४ मध्ये विमानतळाला महामार्गाशी जोडणारा सहा पदरी रस्ता खुला झाला. त्याच महिन्यात कोकण रेल्वेच्या पेडणे बोगद्यात पाणी घुसलं आणि गाड्या ठप्प झाल्या. विमानाने येणाऱ्याला सहा पदर आणि रेल्वेने येणाऱ्याला पाण्याखालचे रूळ, अशी ही सोयींची वाटणी. आमच्या तालुक्याला पेडणे नावाचं स्टेशन आहे, महोत्सवाच्या मैदानापासून हाकेच्या नसलं तरी रिक्षाच्या अंतरावर. वंदे भारत तिथून शिटी मारत जाते आणि थिवीला थांबते. थिवीला उतरलेल्याने पुढे कसं यायचं? त्याच्यासाठी काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची स्कूटर आहे. ती कधी चालवली नसली तरी चालते.

रेल्वेला हे जमत नाही, असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले अहमदाबादला आला तेव्हा पश्चिम रेल्वेने वांद्र्याहून खास गाड्या सोडल्या होत्या. कोकण रेल्वेची खास कल्पना वेगळीच. २०२५ च्या गणपतीआधी तिने कोलाड ते वेर्णा अशी मोटारगाड्याच वाहून नेणारी आगगाडी काढली, एका मोटारीला ७,८७५ रुपये. माणसाला तिकीट मिळो न मिळो, त्याच्या मोटारीची बसायची सोय झाली.

राहता राहिली सरकारी कदंब बस. एका पंचाला विचारलं, "पात्रांव, महोत्सवाला रात्रीची कदंब सोडायला सांगा की." ते म्हणाले, "बाबा, बसने येणारा माणूस खर्च किती करणार?" सरकारला दर्जेदार पर्यटक हवेत आणि दर्जा मोजायचा तो बहुधा चाकांवरून. दोन चाकं म्हणजे बरा, चार म्हणजे चांगला, आणि जो सहा चाकांवर पन्नास जणांबरोबर येतो तो पर्यटकच नव्हे, तो गर्दी.

आता डिचोलीकर म्हणतील, महोत्सवाला यायला आमचं काय? डिचोली तालुक्यात खनिजाचे ट्रक आहेत. २०१२ ला खाणी बंद पडल्या, पुढे सुरू झाल्या, २०१८ ला पुन्हा बंद पडल्या आणि लिलावानंतर डिचोलीची खाण २०२४ मध्ये परत चालू झाली. खनिज टाकून ट्रक परत येतो तो रिकामा. आमोण्याच्या धक्क्यावर मांडवीतून बार्ज परत येते तीही रिकामी. हजार टनांची बार्ज धरली आणि रसिक पासष्ट किलोचा धरला, तर एका फेरीत पंधरा हजार रसिक सहज येतात. आल्यावर लाल रंगाचे असतील, पण तसे ते समुद्रकिनाऱ्यावरूनही होतातच. मांडवीतली बार्ज धारगळजवळच्या शापोरा नदीत कशी आणायची, हे ठरवायला समिती नेमता येईल.

समितीने आधी रात्रीच्या दशावताराला जाऊन बसावं, असं मी सुचवीन. पेडण्यात दशावतार उशिरा सुरू होऊन उजाडेपर्यंत चालायचा. त्यामागे भक्ती होती, हौस होती आणि एक व्यावहारिक शहाणपणही होतं: खेळ संपला की पहिली बस यायची. कोजागिरीला पेडण्याची पुनव भरते तेव्हाही रात्रभर माणूस जागाच असतो. उलट महोत्सवाला कायद्याने दहा वाजता स्पीकर बंद करायचा असतो, म्हणजे हजारो माणसं बरोबर अशा वेळी रस्त्यावर सोडायची, जेव्हा आतल्या गावांना जाणारी बस केव्हाच जाऊन झोपलेली असते. (दहा वाजता खरोखर बंद होतं का, हा प्रश्न धारगळच्या लोकांना विचारू नका. चिडतात.)

साखळीजवळच्या विठ्ठलापूरला चैत्री उत्सवाला, शिरगावला लईराईच्या जत्रेला गावोगावचे लोक चालत येतात, कदंब जादा गाड्या सोडते. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावात चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली, त्यामुळे जत्रेच्या गर्दीचं नियोजन कुणाला आदर्श म्हणून दाखवायची माझी हिंमत नाही. पण जादा गाडी सोडायची असते, एवढी अक्कल या सरकारी खात्यांकडे आहे, हे तिथं दरवर्षी दिसतं. देवीसाठी जे करता येतं ते डीजेसाठी का नाही? डीजे तर तिकीट लावतो, देवी लावत नाही.

तेव्हा परवाना देणाऱ्या साहेबांना विनंती एवढीच. पुढच्या वेळी कुणी संगीत महोत्सवाचा अर्ज घेऊन आला, की स्ट्रॉ कागदाची आहे का, हे विचारू नका. थिवी आणि पेडणे स्टेशनपर्यंत शेवटच्या गाण्यानंतरची कदंब किती वाजता आहे, ती वेळ अर्जावर लिहून घ्या आणि तिचं भाडं महोत्सवाच्या तिकिटातच धरायला लावा. तो रकाना रिकामा असेल तर अर्ज परत करा.