पांढरी पाच, किंचित चढी

आमचा अ‍ॅम्प्लिफायर गेल्या पावसाळ्यात गायला लागला. एरवी दुसऱ्यांचं गाणं मोठं करायचं ही त्याची नोकरी. आता स्वतःचाच एक सूर लावून बसला. माळ्यावरची पेटी काढून ताडून पाहिलं. पांढरी पाच, किंचित चढी.

ग्रॅच्युइटी नुकतीच जमा झाली होती. हिला म्हटलं, "आता एकदाच काय तो चांगला घेऊ."

"सोफ्याच्या वेळीही हेच म्हणाला होतात," ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

दुकानात चपला बाहेर काढायच्या होत्या. आत गालिचा, मंद दिवे, हळू बोलणं. फक्त घंटा तेवढी नव्हती. पुजारी तिशीतला. "काका, क्लास ए, एबी की डी?" शाळेत मी कायम ड तुकडीत, 'ए'कडे ओढा वाटणं साहजिकच होतं.

क्लास ए म्हणजे घराणेदार गवय्या. गाणं होवो न होवो, बिदागी पुरी. स्पीकर गप्प असले तरी तो वीज ओढतच राहतो आणि तिची उष्णता करतो. वरच्या जाळीला हात लावला आणि पापड आठवले. मे महिन्यात दादरला हा लावायचा तर एसी हवा, आणि आमचा एसी लावला की गाणं ऐकू येत नाही. क्लास डी गार आणि काटकसरी. म्हणूनच की काय, त्याचं नाव काढताच शेजारच्या खुर्चीवरच्या जाणकारांनी पंगतीत बुफेचा विषय निघावा तसं तोंड केलं. एबी संसारी. हळू गाण्यात 'ए'सारखा वागतो, जोर आला की हिशेबाने घेतो.

मग व्हॉल्व्हचा आला. 300बी नावाचा हा काचेचा दिवा वेस्टर्न इलेक्ट्रिकने 1930च्या दशकात काढला. एका बाजूला एकच दिवा असेल, तर तो आठेक वॅट देतो. किंमत साडेचार लाख. मी मनातल्या मनात भागाकार केला आणि पाणी मागितलं.

वॅटचा हिशेब मी घरी मांडला. आमच्या स्पीकरच्या पाठीवर छापलंय: एका वॅटला, एक मीटरवर 88 डेसिबल. म्हणजे एका वॅटमध्येच मिक्सर फिरल्याइतका आवाज. तो कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. पण आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दुप्पट आवाज केला तर सोसायटीची तातडीची सभा भरेल. तबल्याच्या थापेसाठी थोडे राखीव हवेत, कबूल. तरी दुकानातल्या मोठ्या यंत्राच्या 150 वॅटमधले बहुतेक जण लग्नातल्या लांबच्या व्याह्यांसारखे नुसते बसूनच राहणार. 1978 साली आलेल्या एनएडी 3020 या अ‍ॅम्प्लिफायरने विसाच वॅटांवर जगभर नाव काढलं होतं.

दुसऱ्या खेपेला दुकानातल्या पुजाऱ्याने ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' लावलं, 1994च्या कार्यक्रमातलं. "काका, टाळ्या ऐका. एकेक मोजता येते!" मोजता येत होत्या. पण मी टाळ्या ऐकायला गेलो नव्हतो. अब्दुल करीम खाँसाहेबांची सीडी सोबत नेली होती. खाँसाहेब 1937 साली गेले. मूळ तबकड्या तीन-तीन मिनिटांच्या. साडेचार लाखांतून त्यांचा सूर आला तो अंगावर काटा आणणारा, यात वाद नाही. पण तबकडीचे ओरखडेही तितकेच तेजस्वी होऊन आले, अगदी खाँसाहेबांच्या मांडीला मांडी लावून बसले. शिवाय यंत्राच्या कागदावर लिहिलं होतं, एक लाख हर्ट्झपर्यंत वाजतो. माझ्या साठीतल्या कानांना बारा हजारांच्या पुढे फारसं पोचत नाही. उरलेलं दादरच्या वटवाघळांसाठी.

शेवटी जुनाच पिशवीत घालून लॅमिंग्टन रोडला नेला. गल्लीतल्या कारागिराने झाकण काढलं, वास घेतला. "कंडेन्सर वाळलेत, साहेब." घरातली वीज 50 हर्ट्झची, आत तिचं डीसी करताना 100 हर्ट्झची लाट उठते, ती हे कंडेन्सर गाळतात. ते वाळले की लाट निसटून थेट स्पीकरात जाते. 100 हर्ट्झ म्हणजे पांढरी पाचच्या जरा वर. पेटी खोटं बोलली नव्हती. चार कंडेन्सर, मजुरीसकट सहाशे रुपये.

संध्याकाळी लावला. चिडीचूप. त्या शांततेतून खाँसाहेब आले आणि मी डोळे मिटले. एवढ्यात ही हात पुसत बाहेर आली.

"अहो, तंबोरा का बंद केलात?"

पोळ्या लाटताना बाईसाहेबांचा चार महिने त्या सुरावर रियाझ चालला होता. लग्नाआधी विशारद झालेली, तिचा सूर पांढरी पाच. मला आजवर दुसऱ्यांचंच ऐकण्यातून सवड झाली नव्हती.

मग आम्ही इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणायला गेलो. दुकानदार सहा प्रकार दाखवायला निघाला, तिने पहिलाच घेतला. दहा मिनिटांचं काम. घरी येऊन पांढरी पाचला लावला, कान दिला, आणि बटण किंचित वर फिरवलं.

"सवय झालीय," ती म्हणाली.