बिबड्यांचं धोतर

काकूंनी बिबडे घातले की जामनेरच्या आमच्या गल्लीत कुणाला वेगळा पेपर वाचावा लागत नाही. सकाळी सातला ओलं धोतर बाजेवर पसरायचं, ज्वारीच्या घाट्याचे गोल थापायचे, आणि हात चालत असताना तोंडानं कंपाउंडच्या अलीकडे काय शिजून राहिलंय त्याचा तपास करायचा. परवा तपास माझ्या भाच्याचा होता. तो अहमदाबादला एनआयडी या डिझाइनच्या कॉलेजात शिकतो, सुट्टीला आलाय.

"काय वं, रात्री तुमच्याकडे काय चालू होतं? मी म्हटलं बोअरचा स्टार्टर जळाला."

"संगीत होतं ते, काकू."

"माय वो! संगीत?"

मग सांगावंच लागलं. 1969 साली डेव्हिड ट्यूडर नावाचा अमेरिकन त्यांच्या कॉलेजात आला. संगे विजेवर आवाज काढणारं कपाटाएवढं यंत्र. त्याचं नाव मूग. आपल्याकडच्या पोरापोरींनीही त्यावर नाना आवाज काढले, फिती भरल्या. त्या कितीतरी वर्षं पडून होत्या, 2023 मध्ये त्यांची रेकॉर्ड निघाली. भाचा तीच लावून बसला होता.

"मूग? खायचे?"

"बनवणाऱ्याचं आडनाव. आणि हाच ट्यूडर 1952 साली अमेरिकेत भरल्या सभेत पियानोसमोर बसला. चार मिनिटं तेहतीस सेकंद. एक सूर वाजवला नाही. जॉन केज म्हणून एक होता, त्याची रचनाच तशी. लोक खोकतात, पाऊस वाजतो, तेच ऐकायचं."

काकूंचा हात थांबला. "म्हणजे मूग गिळून बसायची सवय आधीपासूनच होती म्हण की. आणि तिकीट?"

तिकिटाचं मला ठाऊक नव्हतं. काकूंना मात्र तेवढ्यावरून त्या माणसाचा स्वभाव कळला होता.

खरी गंमत पुढची. भाचा म्हणाला, या लोकांतलाच एक चित्रकार, रॉबर्ट राउशेनबर्ग, 1975 मध्ये अहमदाबादेत येऊन राहिला, साराभाईंच्या घरचा पाहुणा. तिथल्या कापडाच्या नादानं त्यानं मग कामं केली, नाव 'जॅमर्स'. मी ऐकलं 'जामनेर्स'. सकाळी दूध घेताना दोघीतिघींना सांगूनही झालं, की एका मोठ्या अमेरिकन माणसानं आपल्या गावाच्या नावानं चित्रं काढली. दुपारी भाच्यानं खुलासा केला: विंडजॅमर म्हणजे शिडाचं जहाज, त्यावरून नाव. तोवर बातमी पहूरच्या बसमध्ये बसली होती.

"मला भाजीवालीनं सांगितलं," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, आपल्या कपाशीचं नाव झालं एकदाचं. काय काढलं त्यानं?"

"काढलं काही नाही. रंगीत कापडं शिवली, वेताच्या काठ्या लावल्या, भिंतीला टेकवून ठेवली."

"झालं?"

"झालं."

त्यांनी स्वतःच्या बाजेकडे पाहिलं. मला वाटलं आता नेहमीचं येणार, की असं तर मीही करते. पण नाही. "सावली पडत असेल चांगली," एवढंच म्हणाल्या. चाळीस वर्षं कापडावर ऊन बघणारी बाई; तिला ते कळायला कॅटलॉग लागला नाही.

मातीचं ऐकून तर त्या भिंतीला येऊन टेकल्या. त्याच मुक्कामात साबरमतीच्या आश्रमातल्या हातकागदाच्या कारखान्यात राउशेनबर्गनं कागदाचा लगदा आणि माती घेऊन कामं केली. त्या लगद्यात मेथीची पूड, चिंचोक्यांची पूड, खडू, डिंक आणि मोरचूद.

"मेथी किडीला. चिंचोक्यानं चिकटतं, घोंगडीवाले खळ लावतातच की. मोरचूद बुरशीला." काकूंनी बोटांवर मोजलं. "त्याला शिकवलं कुणी?"

"तिथल्या कारागिरांनीच असणार."

"मग त्यांचं नाव कुठेय?"

याला भाच्याकडेही उत्तर नव्हतं. तो 'सहयोग' वगैरे बोलला, मी काकूंपर्यंत पोचवलं नाही. अजिंठ्याचं मात्र आठवलं. इथून पहूर, पहुराहून फर्दापूर, की आलीच लेणी. तिथल्या चित्रांखालीही माती, तूस, गवताचे धागेच आहेत. ती माती कुणी कालवली तेही कुठे लिहिलेलं नाही.

"चित्राचं पटलं," काकू धोतराच्या उलट्या बाजूनं पाणी शिंपडत म्हणाल्या. "बिनवाजवायच्या पेटीचं नाही पटलं. पण तुझ्या भाच्याला विचार, पीजेचा आवाज आहे का कुणाकडे?"

पीजे म्हणजे आमची पाचोरा–जामनेर. छप्पन्न किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी, 2020 मध्ये बंद पडली ती पडली. आता ब्रॉडगेजचं काम. ब्रॉडगेज येईल, वेगानं येईल. पण शेंदुर्णीहून निघाल्यावर पोरं उतरून शेंगा तोडून परत चढायची, असं सांगतात, ती गाडी यायची नाही.

"शिटी नको," काकू म्हणाल्या. "शिटी कुणीही भरून ठेवली असेल. ठेसनात थांबल्यावर ती जी खडखडत दम घ्यायची ना, तो आवाज. माझं लग्न झालं तेव्हा त्या आवाजात मी रडले होते, कुणाला ऐकू आलं नाही."

भाचा मागच्या दारात उभा राहून हे सगळं मोबाइलवर भरून घेत होता, ते आम्हाला नंतर कळलं. काकूंनी आधी त्याला झापलं. मग विचारलं, "बिबडे सोलल्याचा टरटर आला का त्यात?"