नागाचे पिल्लू, बहुतेक

पावसाळ्यात मोरीत, जिन्यात किंवा चपलांच्या कपाटामागे सापडलेल्या, शिसपेन्सिलीएवढ्या जाडीच्या आणि वीत-दीड वीत लांबीच्या कोणत्याही सरपटणाऱ्या जिवाला महाराष्ट्रात ‘नागाचे पिल्लू’ म्हणतात. हे नाव शास्त्रीय नसले तरी सर्वमान्य आहे. ते प्रथम उच्चारणारी व्यक्ती बहुधा स्टुलावर उभी असते. पाठोपाठ ‘म्हणजे याची आई इथेच कुठेतरी असणार’ हे अनुमान निघते आणि साप साप म्हणून भुई धोपटण्याचे काम वॉचमनकडे सोपवले जाते. आई तिथे नसते. सापाच्या पिल्लाला जन्मल्या दिवसापासून आपले पोट आपणच भरावे लागते. त्याला शाळेत सोडायला आणि न्यायला कोणी येत नाही.

खऱ्या नागाचे पिल्लू ओळखणे त्यामानाने सोपे. अंड्यातून बाहेर पडल्या पडल्या ते फणा काढू शकते, आणि एवढ्याशा जिवाचा तो आविर्भाव पाहून हसू आले तरी हसणे लांबूनच उरकावे, कारण विषही त्याला जन्मापासूनच असते. घोटाळा करतो तो दिवड. हा पाणथळ जागेतला बिनविषारी साप चिडला की मान चपटी करतो, आणि अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी असूनही नाग म्हणून मार खातो.

‘नागाची पिल्ले’ म्हणून पकडल्या जाणाऱ्यांत वाळ्याचा मान मोठा. मराठीत वाळा तीन प्रकारचा: एक बाळाच्या पायात घालतात, दुसरा माठातल्या पाण्यात टाकतात आणि तिसऱ्याला पाहून माठ फुटतो. हा तिसरा वाळा मुळात पिल्लूच नव्हे. तो पूर्ण वाढलेला साप असतो; त्याची वाढ वीतभराच्या आतच आटोपते. रंग काळपट तपकिरी, चकाकी नव्या बुटाची. डोळे म्हणजे खवल्यांखालचे दोन ठिपके, त्यामुळे डोके कोणते आणि शेपूट कोणते यावर जमलेल्या मंडळींत दोन पक्ष पडतात. शेपटीच्या टोकाला बारीक काटा असतो. तो बोटाला टोचला की ‘डसला, डसला’ अशी आरोळी उठते. वास्तविक त्यात विष नसते. कुंडीतल्या मातीत राहून मुंग्यांची आणि वाळवीची अंडी-अळ्या खाणे एवढाच त्याचा उद्योग. गांडुळाशी त्याची गल्लत होते, पण गांडुळाच्या अंगावर वळ्या असतात. वाळा गुळगुळीत असतो आणि अधूनमधून सुतासारखी जीभ बाहेर काढतो. या जातीत सगळ्या माद्याच. नराशिवाय अंडी घालून त्यांचे कुटुंब चालते. तेव्हा ‘याला मारले तर जोडीदार सूड घ्यायला येईल’ ही भीती एरवीही खोटीच, पण इथे तर जोडीदारच नाही.

आता अवघड प्रकरण. तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात पट्ट्यापट्ट्यांचे पिल्लू निघाले, तर ते बहुधा कवड्याचे असते. पालींच्या मागे लागून हा साप खरखरीत भिंत आणि पाइप चढत वर येतो. लिफ्ट बंद असण्याने त्याचे काही अडत नाही. तो बिनविषारी आहे. पंचाईत इतकीच, की मण्यारीशी त्याचे साम्य आहे, आणि मण्यार हा आपल्याकडच्या सर्वांत विषारी सापांपैकी एक. दोहोंतला फरक पुस्तकात फार सुबक दिलेला असतो. कवड्या तपकिरी, त्याचे पांढरट पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यार निळसर काळी, तिचे बारीक पट्टे पुष्कळदा जोडीजोडीने, आणि ते डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होऊन शेपटीकडे ठळक होतात. हे पाठ करून माणूस निर्धास्त होतो. पण मण्यारीच्या पिल्लाने हे पुस्तक वाचलेले नसते. लहानपणी तिचे पट्टे पुढच्या भागातही स्पष्ट दिसू शकतात, म्हणजे नेमका जिथे नियम हवा तिथेच तो दगा देतो. पक्की खूण पाठीच्या कण्यावर असते: मण्यारीच्या मधल्या ओळीतले खवले मोठे आणि षट्कोनी असतात. मात्र वीतभर पिल्लाच्या खवल्यांचे कोन मोजता येतील इतक्या जवळ चष्मा नेला, तर मोजणी पूर्ण करण्याची गरज उरेलच असे नाही. ‘विषारी सापाचे डोके त्रिकोणी’ हा वर्गात शिकलेला नियमही इथे निकामी. नाग आणि मण्यार दोघांचीही डोकी त्रिकोणी नसतात.

म्हणून व्यवहारातला नियम असा, की जाणकार सांगेपर्यंत पट्ट्यांचे प्रत्येक पिल्लू मण्यारच धरायचे. प्रस्तुत लेखकाने तो इतका काटेकोर पाळला आहे, की एकदा सोफ्याखाली दिसलेला घड्याळाचा तुटका पट्टा सर्पमित्र येईपर्यंत चाळीस मिनिटे मण्यार होता. हा धांदरटपणा माफ आहे. उलटा धांदरटपणा माफ नाही. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तो चावा पुष्कळदा दुखत नाही, खूण शोधूनही सापडत नाही. तेव्हा संशय आला तरी थेट रुग्णालय गाठायचे. दोरी बांधणे, चिरा देणे आणि ‘सकाळपर्यंत बघू’ ही तिन्ही वर्ज्य.

घोणशीच्या बाबतीत भाषेनेच गोंधळ घातला आहे. डुरक्या घोणस नावाचा साप बिनविषारी आणि नुसती घोणस जहाल. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्ले देते, तीही एका वेळी वीस-तीस सहज. पिल्लू गुटगुटीत, अंगावर काळ्या कडेच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी, साखळीसारख्या. ‘अजगराचे बाळ’ म्हणून कौतुकाने हातात घेतले जाते ते हेच. कौतुक अल्पकाळ टिकते.

ओळख पटो न पटो, पिल्लाला ठेवायचे कुठे हा प्रश्न येतोच. रीतसर उत्तर असे, की ठेवायचेच नाही: लांबून नजर ठेवायची, मुलांना आणि मांजराला बाजूला करायचे आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन लावायचा. तरीही कोणीतरी शूर झाडूने ढकलून पिल्लू बरणीत घालतोच. बरणी बहुधा चिवड्याची. झाकण लागल्यावर ‘अरे, भोकं पाडा, गुदमरेल’ असे कोणाला तरी आठवते आणि तापवलेला स्क्रूड्रायव्हर घेऊन लोक पिल्लासकट बरणीभोवती जमतात. भोके आधी, साप नंतर, हा क्रम. भोक बारीक हवे. डोके गेले की उरलेला साप जातोच. आत ओलसर कागदाचा बोळा टाकावा, म्हणजे पाणीही मिळते आणि लपायला जागाही. वर फडके टाकून बरणी सावलीत ठेवावी. अंधारात पिल्लू शांत होते. फडके दर दोन मिनिटांनी उचलून ‘शांत झालं का?’ असे पाहिल्यास होत नाही.

खाऊ घालण्याचा उत्साह मात्र आवरावा लागतो. बशीतून दूध पुढे येते ते नागपंचमीच्या संस्कारामुळे. सापाला दूध पचत नाही. तहानेने व्याकूळ झालेला साप ते पितो आणि आजारी पडतो. अंडे, कणकेची गोळी, उकडलेला बटाटा हेही नको. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलकाची शिदोरी असते; आठवडाभराने पहिली कात टाकेपर्यंत ती पुरते. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ निळे होतात. त्याला मोतीबिंदू समजून हळहळू नये आणि डोळ्यांत काही घालू नये.

खरी शुश्रूषा लागते ती उंदरांच्या चिकट सापळ्यात अडकलेल्या पिल्लाला. तिथे घटनाक्रम ठरलेला: आधी पुठ्ठ्याला झुरळ चिकटते, झुरळासाठी पाल येते, पालीसाठी कवड्या येतो, आणि दिवा न लावता पाणी प्यायला उठलेला घरमालक सर्वांत शेवटी. ओढून काढले तर खवल्यांसकट कातडी निघते. जाणकार माणूस पुठ्ठ्यावर खाद्यतेल सोडतो आणि मऊ कुंचल्याने शेपटीकडून एकेक बोट अंग सुटे करत जातो. डोके सर्वांत शेवटी. अर्धा तास सहज जातो. मग तेल हलके टिपून घ्यायचे आणि पिल्लाला निवांत पडू द्यायचे. घरातल्या गृहिणीने या कामी शेंगदाण्याचे तेल द्यावे की कालच्या भज्यांचे, यावर वाद झालेला ऐकिवात आहे, ताजे द्यावे.

बरे झालेले पिल्लू पाळता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते रानाचे आहे, आणि ‘आमचा चिंटू त्याला अगदी ओळखतो’ हा बचाव होत नाही. ते सापडले त्या जागेच्या जवळपासच, रस्त्यापासून दूर, पालापाचोळा आणि आडोसा असलेल्या ठिकाणी सोडतात. लांबच्या अनोळखी डोंगरावर नेऊन सोडणे हे त्याच्यासाठी उपकार नव्हेत. कवड्यासारखा निशाचर असेल तर वेळ संध्याकाळची. सोसायटीचे सेक्रेटरी या वेळी ‘आमच्या कुंपणाच्या पलीकडे’ एवढीच अट घालतात. बरणी आडवी करून बाजूला व्हायचे. पिल्लू दोनदा जीभ बाहेर काढते, तोंड फिरवते आणि पानांखाली दिसेनासे होते. रिकामी बरणी तीनदा घासून उन्हात ठेवतात, पण तिच्यात पुन्हा चिवडा भरला जात नाही. ती स्क्रूड्रायव्हरसकट माळ्यावर जाते.