डॉकवाले काका

डोंबिवली, बदलापूर, विरारकडच्या सोसायट्यांत एखादे तरी डॉकवाले काका असतातच. युद्धनौका बांधणाऱ्या माझगाव डॉकमधून निवृत्त झालेले वेल्डर. देह किरकोळ, आवाज भोंग्याचा. ‘मी नोकरीला होतो’ असं ते चुकूनही म्हणत नाहीत. ‘गोदावरी आम्ही बांधली’ म्हणतात.

गोदावरी म्हणजे 1983 साली नौदलात दाखल झालेली फ्रिगेट जातीची युद्धनौका. घराणं ब्रिटिश लिअँडरचं, क्षेपणास्त्रं रशियन, आराखडा आपल्या नौदलाचा आणि वर दोन सी किंग हेलिकॉप्टरं. एवढी सोयरीक एका मांडवात नांदवणं सोपं नव्हतं. त्यात आमच्या काकांचा वाटा एका बल्कहेडच्या, म्हणजे जहाजातल्या आडभिंतीच्या, काही जॉइंटांचा. पण ते एक्स-रेला पहिल्या फटक्यात पास झाले, हे अख्ख्या बिल्डिंगला पाठ आहे.

पुढे शिवालिक आली आणि काका हाताबाहेर गेले. 2010 साली नौदलात आलेली ही भारतात बांधलेली पहिली स्टेल्थ फ्रिगेट. रडारच्या लहरी आल्या वाटेनं परत जाऊ नयेत म्हणून तिच्या बाजू तिरक्या, डेकवरचा पसारा जमेल तेवढा आत झाकलेला. तेव्हापासून काकांना सोसायटी बघवत नाही. गेटपाशी उभे राहून बोट वर: “बॉक्स ग्रिल, एसीचे डबे, डिश, वर पत्र्याची शेड! ही बिल्डिंग कराचीच्या रडारवर दिसत असणार.”

जहाजावरची यंत्रं रबराच्या बैठकीवर बसवतात, म्हणजे त्यांची थरथर पाण्यात उतरत नाही आणि पाणबुडीला कानोसा लागत नाही. काकांनी याच न्यायानं वरच्या मजल्यावरच्या मिक्सरखाली टायर कापून लावायला घेतलं.
“वहिनी, या आवाजावर पाणबुडी टॉर्पेडो सोडेल.”
“सोडू दे. ह्यांचा डबा सातला निघतो.”

वार्षिक सभेत तर इंजिनरूमच उघडते. शिवालिकला डिझेलही आहे आणि गॅस टर्बाइनही. रोजच्या चालीला डिझेल, पळायचं तेव्हा टर्बाइन. दोन्ही एकदम नाही. काकांच्या मते आपले चेअरमन डिझेल, सेक्रेटरी टर्बाइन, आणि सोसायटी बुडतेय ती दोघं एकाच वेळी बोलतात म्हणून. हे निदान मला पटतं.

15 जानेवारी 2025ला नवी नीलगिरी फ्रिगेट मुंबईत नौदलात दाखल झाली. 1972च्या पहिल्या नीलगिरीचंच नाव, लांबी 149 मीटर. टीव्हीवर पंतप्रधान दिसत होते आणि काका पडद्यापुढे वाकून म्हणत होते, “अहो, जरा बाजूला व्हा, प्लेटिंग दिसत नाहीये!” वेल्डिंगच्या तापानं पत्रा आत ओढला जातो आणि जहाजाच्या बरगड्या दिसू लागतात, काका तेच शोधत होते. हल्ली पाइप, वायरिंग आधीच ब्लॉकमध्ये बसवून मग ब्लॉक जोडतात, यावर त्यांनी नाक मुरडलं. “आम्ही पोटावर झोपून आत शिरायचो.” मग बराच वेळ पाहून म्हणाले, “पत्रा सरळ आहे. मान्य.” एवढी स्तुती त्यांनी स्वतःच्या जावयाचीही केलेली नाही.

सोसायटीनं गेल्या वर्षी टाकीचा लोखंडी स्टँड करून घेतला. कंत्राटदाराचं वेल्डिंग दिसायला झकास. काकांनी हातोडी घेतली, जॉइंटवरचा स्लॅग, म्हणजे वेल्डिंगची खपली, टकटक करून उडवला, आणि खाली भोकंच भोकं.
“रॉड भट्टीत तापवला होतास का?”
“भट्टीत? काका, रॉड आहे, पाव नाही.”
रॉडला दमट हवा लागली की जॉइंट आतून पोकळ होतो, हे त्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं. काकांनी अख्खा स्टँड उतरवून पुन्हा करायला लावला. कमिटी खर्चावरून ओरडली. दहा हजार लिटरची टाकी आता त्याच स्टँडवर आहे.

तुमच्या सोसायटीत असे काका असतील, तर लोखंडाचं कोणतंही काम पैसे चुकते करण्याआधी त्यांना दाखवा. फक्त चहा दोनदा ठेवा. गोदावरीपासून सुरुवात होते.