एवढा एकच पार्ट

जुन्या वाहनांचा जीर्णोद्धारक हा छत्रपती संभाजीनगरात इतका सर्वपरिचित मनुष्यप्रकार आहे की त्याची व्याख्या करू जाणे हा वाचकांच्या अनुभवाचा उपमर्द ठरेल. सिडकोच्या कोणत्याही ‘एन’ क्रमांकाच्या वसाहतीत, जिथे पाण्याचा टँकर वळवताना चालकाची सारी सभ्यता खर्ची पडते अशा गल्लीत, विटांवर उभी केलेली, चाके उतरवलेली आणि रेड ऑक्साइड, म्हणजे गंज धरू नये म्हणून रंगाआधी पत्र्यावर देण्याचा तांबडा थर, फासलेली एखादी पिकअप आढळली, तर तिचा मालक कोणत्या जमातीतला हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पिकअप म्हणजे पुढे चालकाची केबिन आणि मागे माल भरण्याचा उघडा हौदा असलेले छोटे मालवाहू वाहन होय. जीर्णोद्धारकाच्या पिकअपमध्ये केबिनला दरवाजे नसतात, हौद्याला फाळका, म्हणजे मागची उघडमीट करणारी फळी, नसतो, आणि माल म्हणून तिचेच निम्मे अवयव तिच्या हौद्यात भरलेले असतात.

या जमातीचे सर्व तत्त्वज्ञान ‘एवढा एकच पार्ट मिळाला, की गाडी रस्त्यावर’ या एका वाक्यात सामावलेले आहे. हे वाक्य उच्चारणारा खोटे बोलत नसतो, ही गोष्ट त्याच्या कुटुंबीयांनाही बऱ्याच उशिरा कळते. पाडव्याला तो एकच पार्ट किंगपिन असतो, म्हणजे पुढची चाके ज्या खुंटीभोवती डावी-उजवी वळतात ती खुंटी. दसऱ्याला किंगपिन बसलेली असते, परंतु ती बसवण्यासाठी गाडी उचलताना पाट्यांची, म्हणजे चाकांवरच्या कमानदार पोलादी पट्ट्यांची, मूळ पट्टीच तडकलेली दिसते, आणि वाक्य तसेच राहून त्यातील पार्ट तेवढा बदलतो. घरातल्या मंडळींनी झेंडूचा हार दरवर्षी आणावा, तो विटांवरच्या गाडीला घालावा, आणि पेढे वाटताना शेजाऱ्यांना ‘एवढा एकच पार्ट’ असे आपणहून सांगून पुढचा प्रश्न टाळावा, असा प्रघात अशा घरांमध्ये हळूहळू रूढ होतो.

जीर्णोद्धारकाच्या विद्वत्तेचा भार मात्र कमी लेखता येत नाही. १९४५ मध्ये लुधियान्यात ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेली कंपनी १९४७ मध्ये अमेरिकेतील विलीस जीपचे सुटे भाग आणून भारतात जोडू लागली, फाळणीनंतर तिचे एक भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर-जनरल झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले, हा इतिहास तो टँकरवाल्याला ऐकवतो, आणि तेही टँकरवाला गाडी बाजूला घेण्याची विनंती करीत असताना. त्याच्या पिकअपच्या पोटात पूर्वी पेट्रोल इंजिन होते. पेट्रोल परवडेनासे झाल्यावर मराठवाड्यातील असंख्य जीपगाड्यांप्रमाणे तीतही डिझेल इंजिन बसवण्यात आले, आणि फ्रान्समधील प्युजो कंपनीच्या रचनेचे ते २,११२ घनसेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरचे इंजिन, ज्याला गॅरेजमध्ये सगळे नुसते ‘प्युजो’ म्हणतात, हाच आता तिचा आत्मा असल्याचे तो सांगतो. हा आत्मा सध्या ताडपत्रीत गुंडाळून जिन्याखाली ठेवलेला आहे.

सुट्या भागांच्या शोधात त्याची पद्धत सोयरीक जुळवणाऱ्या मामाची असते. भाग कोणता यापेक्षा तो कोणत्या गावचा, कोणत्या गाडीतून आला, त्या गाडीचा मालक कसा होता आणि गाडी घाटात चालली की सपाटीवर, याची चौकशी त्याला अधिक महत्त्वाची वाटते. जाफरगेटच्या रविवारच्या आठवडी बाजारात, जिथे कोंबडीपासून कुलपापर्यंत सर्व काही मिळते, तो सकाळी लवकर पोचतो, गोणपाटावर मांडलेल्या लोखंडासमोर उकिडवा बसतो आणि ‘उस्ताद, ये किसका निकला?’ असा प्रश्न शहराच्या दख्खनी वळणात विचारतो. उस्ताद हे या शहरात जाणत्या कारागिराचे संबोधन आहे. ते ऐकताच विक्रेता किंमत वाढवतो, परंतु बसायला रिकामा डबाही देतो. अशा रीतीने त्याच्या गाडीचा डावा दरवाजा सिल्लोड मार्गावर धावलेल्या एका काळी-पिवळी जीपचा, रेडिएटर कुर्ल्याच्या भंगार बाजारातला आणि समोरची जाळी कोणत्या तरी सरकारी खात्याच्या लिलावातली, अशी मिळून ती एक गाडी झाली आहे, किंवा होणार आहे. एवढा एकच पार्ट मिळाला की.

येथे एक विसंगती नोंदवणे भाग आहे. बजाज ऑटोने १९८५ मध्ये वाळूजला कारखाना सुरू केल्यापासून या शहराच्या भोवती लेथ, मिलिंग आणि साचेकामाचे असंख्य छोटे कारखाने उभे राहिले, आणि चिकलठाणा किंवा वाळूज औद्योगिक वसाहतीतला कोणताही बरा टर्नर जीर्णोद्धारकाला हवे असलेले पितळी बुश, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती झीज सोसण्यासाठी बसवायचे नळकांडे, चहा येईपर्यंत कातून देईल. जगभर निर्यात होणारे भाग जिथे शतांश मिलिमीटरच्या अचूकतेने घडतात, त्या गावचा हा गृहस्थ पितळेच्या एका नळकांड्यासाठी एस.टी.ने मालेगावला जातो, तिथे ते झिजलेले मिळते, आणि ते घेऊन परतताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असते ते नव्या बुशाने त्याला कधीही दिले नसते. नवा भाग बसवला की काम संपते आणि जुना बसवला की पुढचे काम निघते, हे त्याला कळत नाही असे मानणे भोळेपणाचे होईल.

जुन्या भागांच्या एकत्र नांदण्यातून काय उद्भवते याचा उत्तम दाखला चाकांच्या नटांचा आहे. विलीसच्या जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत, कारण चाक फिरताना ते सैल पडू नयेत अशी योजना होती. पुढच्या काळातील गाड्यांत ही पद्धत मागे पडली. जीर्णोद्धारकाच्या पिकअपचा पुढचा आस जुन्या जीपचा आणि मागचा नंतरच्या कमांडर जीपचा असल्यामुळे पुढचे डावे चाक एका दिशेने उघडते आणि मागचे डावे दुसऱ्या. गॅरेजमधल्या एका नवशिक्या पोराने हे न कळून पान्यावर लांब पाइप चढवला, त्यावर दोन्ही पायांनी उभा राहिला, आणि नट उघडण्याऐवजी बोल्टच तोडून जमिनीवर आला. तेव्हापासून प्रत्येक चाकाशेजारी पांढऱ्या रंगाने दिशादर्शक बाण काढण्यात आले. पुढे एक हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो मधला तुंबा, बदलावा लागला आणि त्यामुळे एक बाण खोटा ठरला. परंतु रंग उत्तम प्रतीचा असल्याने तो अजून गेलेला नाही, आणि कोणता बाण खोटा हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी धाकट्या मुलीवर सोपवण्यात आली आहे.

रंगाच्या बाबतीत त्याने अजिंठ्याचा आधार घेतला आहे. शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवरील त्या लेण्यांतील चित्रांच्या जतनासाठी निजाम सरकारने १९२० च्या सुमारास लोरेन्झो चेकोनी आणि काउंट ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारे रंगथर पक्के केले खरे, परंतु चित्रांवर दिलेला लाखेचा लेप काळाच्या ओघात पिवळट-काळसर पडला आणि तो काढण्याचे काम पुढच्या पिढ्यांच्या माथी आले. घाईने चढवलेला थर पुढे नडतो, असा निष्कर्ष जीर्णोद्धारकाने यावरून काढला आणि आपली गाडी तांबड्या अस्तरावरच ठेवली. पेंटरने आगाऊ घेतलेली रक्कम परत मागण्याचे मात्र त्याच्या मनात येत नाही, कारण रंगकाम रद्द झालेले नसून एवढा एकच पार्ट आल्यावर व्हायचे आहे.

आता मूळ प्रश्न असा की जिचा दरवाजा एकीकडचा, आस दुसरीकडचा आणि इंजिन तिसरीकडचे, ती गाडी नेमकी कोणती. हा प्रश्न या शहराला नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये येथे सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव आहे आणि त्याच्या परिसराला नागसेनवन म्हणतात. ही दोन्ही नावे ज्या पाली ग्रंथातून आली, त्या ‘मिलिंदपञ्ह’मध्ये भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्या रथाविषयी हेच विचारतो: आस हा रथ आहे काय, चाके हा रथ आहे काय, दांडी किंवा जू हा रथ आहे काय? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागते, आणि शेवटी रथ हे या सर्वांच्या एकत्र येण्याला दिलेले नाव आहे एवढेच उरते. परिवहन कार्यालयाची भूमिका याहून ठाम आहे. तेथे गाडी म्हणजे चेसिस क्रमांक, अर्थात वाहनाच्या पोलादी सांगाड्यावर ठोकलेली अक्षरे. त्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि ठसा उमटला, की गाडी अस्तित्वात आहे. जीर्णोद्धारकाच्या फायलीत असे अनेक ठसे आहेत, आणि नागसेनाने जे सिद्ध करून दाखवले त्याचे खंडन करणारा तेवढाच एक पुरावा त्याच्याजवळ आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम जाहीर केले. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. त्या सायंकाळी जीर्णोद्धारकाने पेढे आणले. नंतर त्याने नियम पूर्ण वाचले, त्यात सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट आढळली, आणि पेढे आणल्याचे कारण शेजाऱ्यांना वेगळे सांगण्यात आले. पुढच्याच महिन्यात, १३ ऑगस्ट रोजी, वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण सुरू झाले, तेव्हा मात्र तो दोन दिवस फारसे बोलला नाही.

हे न बोलणे समजून घ्यायचे तर पूर्वेला साठेक किलोमीटरवरचे जालना लक्षात घेतले पाहिजे. तेथील पोलाद कारखान्यांत विद्युत भट्ट्यांमधून भंगार वितळते आणि बांधकामाच्या सळया होऊन बाहेर पडते. मराठवाड्यात मोडीत निघालेल्या गाड्यांचे बरेचसे लोखंड अखेर त्याच वाटेने जाते. वीस-वीस माणसे घेऊन फुलंब्री, सिल्लोड, पैठणच्या रस्त्यांवर धावलेली जीप एकदा त्या भट्टीत गेली की तिच्या किंगपिनबरोबर ती किंगपिन कुठे झिजते हे जाणणाऱ्या माणसाचाही धंदा सरतो. डिझेल पंपात हवा शिरली आहे हे नुसत्या आवाजावरून ओळखणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे आता गिऱ्हाईक जात नाही. जातो तो जीर्णोद्धारक, पार्ट विचारण्याच्या निमित्ताने, आणि पार्ट नाही हे पहिल्या मिनिटाला कळल्यावर दोन तास बसून राहतो. या भेटींत वाया गेलेला वेळ हिशेबात धरावा की नाही, याविषयी त्याच्या पत्नीचे मत तूर्त राखून ठेवलेले आहे.

त्याची गाडी कधीच का पूर्ण होत नाही याचे आणखी एक कारण आहे, आणि ते त्याच्याविषयी बरे बोलण्यास भाग पाडते म्हणून येथवर टाळले गेले. खुलताबाद-फुलंब्रीकडून अद्रक भरून जाधववाडीच्या बाजाराला निघालेल्या एखाद्या जुन्या गाडीचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी विजेची मोटर, रात्री निकामी होतो. भरलेल्या गाडीला धक्का मारणे शक्य नसते. आणि कोणी तरी चालकाला सिडकोतला पत्ता सांगते. जीर्णोद्धारक बॅटरी घेऊन उठतो, जिन्याखालच्या प्युजोचा सेल्फ खोलतो, चालकाला तो कसा बसवायचा हे अवाजवी तपशिलाने समजावतो आणि नंतर परत आणून दे असे बजावतो. तो परत आल्याचे उदाहरण नाही. याला औदार्य म्हणावे असे नाही, कारण देताना तो भयंकर कुरकुरतो. परंतु त्याच्या गाडीचे निम्मे भाग आज मराठवाड्याच्या रस्त्यांवर सुखरूप धावत आहेत, आणि ‘गाडी रस्त्यावर’ हे त्याचे भाकीत अंशतः खरे ठरले आहे, हे मान्य करावे लागते.

समोरच्या घरातील निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी या गाडीविरुद्ध महानगरपालिकेकडे वारंवार अर्ज केले होते. एका रविवारी ते जाफरगेटला कुंडी आणायला गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक सेल्फ घेऊन परतले. असा भाग गाडीतून गेल्याचे त्यांनी खिडकीतून पाहिले होते, आणि विक्रेत्याने तो ‘एकदम सही’ असल्याची ग्वाही दिली होती. तो मॅटाडोरचा निघाला. त्याच्या पिनियनचे, म्हणजे टोकाच्या छोट्या दातेरी चाकाचे, दाते प्युजोच्या फ्लायव्हीलशी, म्हणजे इंजिनाच्या मोठ्या दातेरी चाकाशी, जुळेनात. त्यावर अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला आणि असे असेल तर मॅटाडोरचे फ्लायव्हील शोधावे, ते मिळाले की गाडी रस्त्यावर, असे सुचवले. जीर्णोद्धारकाने अनेक वर्षांत प्रथमच व्यवहारी माणसाप्रमाणे विरोध केला: एका सेल्फसाठी फ्लायव्हील बदलले तर क्लच बदलावा लागेल, क्लच बदलला तर गिअरबॉक्स, आणि याला अंत नाही. अधिकाऱ्यांनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि मालेगावला जाणारी पहिली एस.टी. किती वाजता सुटते असे विचारले.