अंगठ्याला पसंत पडलेली सीट

सायकलची सीट घेताना आपल्याकडे ती आधी अंगठ्याने दाबून बघतात. अंगठा जितका आत जाईल तितकी सीट आरामाची, असा निकाल दुकानातच लागतो. ज्या अवयवाला पुढे तिच्यावर दिवस-दिवस काढायचे असतात, त्याला कुणी विचारत नाही. मग 100 ग्रॅम वजन वाचावं म्हणून हजारो रुपये मोजलेल्या कार्बनच्या सायकलीवर गुबगुबीत फुगलेलं जेलचं कव्हर चढतं, आणि मालक 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला निघतो. वेळमर्यादा साडेतेरा तास. जेलची मर्यादा बरीच आधी संपते.

याला कारण आहे. बसल्यावर भार पेलायला निसर्गाने कमरेखाली दोन हाडं दिली आहेत. सीट पुरेशी रुंद आणि घट्ट असली की भार त्यांच्यावर राहतो. फार मऊ असली की हाडं बुडतात, जेल मधोमध वर सरकतं आणि नेमक्या नसा व रक्तवाहिन्या असतात तिथे दाब देतं. मुंग्या येतात त्या इथून. पहिले दहा किलोमीटर मऊ सीट खरोखरच सुखाची असते, पण दुकानदाराची चाचणीफेरी कोपऱ्यावरच्या चौकापुढे जात नाही. याउलट इंग्लंडच्या ब्रुक्स कंपनीची बी-17 बघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेल्या या सीटमध्ये स्पंज नावालाही नाही. पोलादी सांगाड्यावर ताणून रिव्हेट मारलेलं जाड कातडं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. तरी 90 तासांत 1200 किलोमीटर तुडवायच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला ती अजून दिसते. अंगठ्याच्या परीक्षेत मात्र ती साफ नापास.

यावर आजोबांच्या काळ्या सायकलीचा दाखला येतो: रुंद सीट, खाली स्प्रिंगा, काय तो आराम! बरोबर. आजोबा ताठ बसत, त्यामुळे जवळजवळ सगळा भार सीटवर यायचा, आणि कचेरी गाठेपर्यंतच यायचा. नातू हँडलवर वाकून मांड्या घुसळतो. त्याला ती रुंदी काचते. आजोबांनी 40 तासांत 600 किलोमीटर मारल्याचं निदान घरात तरी कुणी सांगत नाही.

दुसरा आक्षेप रास्त आहे: कोकणच्या पावसात कातड्याचं काय होणार? भिजून सैल पडणार. मग कातडं नका घेऊ. कडक बूड, पातळ फोम आणि मध्ये खाच असलेली सीटही चालते, पण मापाची हवी. माप काढायला खर्च नाही. नळीदार पुठ्ठ्यावर बसायचं, उमटलेल्या दोन खळग्यांमधलं अंतर मोजायचं. अडचण एवढीच की पहाटे सहाला अंगाला चिकटलेल्या चड्डीत भर चौकात पोहे खाताना जो लाजत नाही, तो दुकानात चारचौघांसमोर पुठ्ठ्यावर बसायला लाजतो, आणि आणखी जाड कव्हर आहे का म्हणून विचारतो.