पांढऱ्या पायाचा प्रेक्षक

मी एखाद्या फुटबॉल क्लबवर जीव लावला की तो क्लब बंद पडतो. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स, एफसी पुणे सिटी. चौघांनाही मी मनापासून आपलं म्हटलं आणि चौघंही आज मैदानात नाहीत. घरात-ऑफिसात आता माझ्या कौतुकाचीच धास्ती घेतात. परवा मी सहज म्हणालो, "आपली पतसंस्था यंदा बरी चालली आहे हं," तर साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून असं काही बघितलं की मी तिथल्या तिथं शब्द मागं घेतले.

नगरच्या माणसाला फुटबॉलचं वेड कुठून लागलं, असं पुण्यात हमखास विचारतात. भिंगार कॅम्पाच्या आसपास वाढलेल्या माणसाला हे विचारू नये. गावात रणगाड्यांचं आर्मर्ड कोअर सेंटर आहे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र आहे. चेंडू पायानंही मारतात हे आमच्याकडच्या पोरांना लवकर कळतं. जिल्ह्यात तसं कशाचं कमी नाही. शिर्डी आहे, शिंगणापूर आहे, नेहरूंनी ज्यात कैदेत बसून 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं तो किल्ला आहे. आय-लीग खेळणारा क्लब तेवढा कधी झाला नाही. मग माणूस शेजारी डोकावतो. आमचं शेजारचं गाव पुणे, १२० किलोमीटरवर.

पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला. मालक अशोक पिरामल ग्रुप. आधी आय-लीगची दुसरी श्रेणी, तिथून वर चढून २००९-१० मध्ये पहिल्या श्रेणीत, आणि पहिल्याच मोसमात थेट तिसरा नंबर. खालून वर आलेला म्हटलं की आम्हा दुष्काळी भागातल्या लोकांचा जीव लगेच जडतो. त्यात अराता इझुमी. आई जपानी, वडील गुजराती. हा गडी पुण्याकडून खेळता खेळता जपानी नागरिकत्व सोडून भारतीय झाला, नीलकंठ खंबोलजा झाला आणि भारताच्या संघात गेला. त्यानं देश बदलला, मग मी जिल्हा बदलायला काय हरकत होती?

सामना बालेवाडीला. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं ते क्रीडासंकुल पुण्याच्या मुंबईकडच्या टोकाला आहे आणि नगर रस्ता पुण्यात शिरतो बरोबर उलट्या टोकानं. सुपे, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर इथपर्यंत माणूस उत्साहात असतो. वाघोलीत गाडी थांबते. खराडीत पुन्हा थांबते. मी साधारण मध्यंतराच्या सुमाराला पोचायचो, त्यामुळे पुणे एफसीचा पहिला हाफ कसा असायचा हे मला आजही ऐकीवच माहीत आहे. दुसऱ्या हाफात मात्र मी माझ्या बाजूनं कसर ठेवायचो नाही. प्रेक्षक इतके विरळ असायचे की मी ओरडलो की लाइनमन वळून बघायचा.

या क्लबला 'रेड लिझर्ड्स' म्हणत. पुण्याजवळचा सरपटणारा प्राणी म्हटल्यावर मराठी माणसाला सिंहगड, तानाजी आणि यशवंती घोरपडच आठवणार. मी ठरवलं, झेंडा करायचा, लाल घोरपडीचा. दिल्ली गेटजवळ एक पेंटर होता. गाड्यांच्या नंबरप्लेटा आणि निवडणुकीच्या भिंती यांवर त्याची हयात गेलेली.

"घोरपड जमेल का?"

"तुम्ही पैसे द्या, डायनासोर काढतो."

चार दिवसांनी झेंडा मिळाला. पांढरंशुभ्र मांजरपाट, त्यावर तांबडीलाल, टपोऱ्या डोळ्यांची, शेपूट वाकडी केलेली, भिंतीवरून नुकतीच उचलून आणावी अशी अस्सल पाल. आणि खाली, हाताला सवयच तशी, ठसठशीत अक्षरांत : 'शुभेच्छुक – समस्त मित्रमंडळ'.

बायकोनं तो झेंडा दोरीवर वाळत घालायला साफ नकार दिला. "अंगावर पाल पडली तर काय होतं, ते पंचांगात दिलेलं असतं. जायच्या आधी बघून घ्या," एवढंच म्हणाली. मी अर्थातच बघितलं नाही. त्या संध्याकाळी पुण्यानं गोल केला, मी उडी मारली, काठी मोडली आणि पाल माझ्या डोक्यावरून सरपटत पुढच्या रांगेतल्या एका सद्गृहस्थांच्या डोक्यावर विसावली. बराच वेळ ते आतून विचारत होते, "गोल कोणी मारला?"

पंचांगाचा परिणाम थोडा उशिरा दिसला. २०१२-१३ मध्ये तर संघ डेरिक परेरांच्या हाताखाली उपविजेता ठरला. पहिला आला गोव्याचा चर्चिल ब्रदर्स. दक्षिण सुदानचा जेम्स मोगा तेव्हा आमच्याकडून खेळत होता. मग २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. आता शहराच्या नावाची जागा विकत मिळणार होती, मालकांत सिनेनट असणार होते आणि मैदानावर रोषणाई. एफसी पुणे सिटीच्या मालकांत हृतिक रोशन होता, आणि युरो २००० च्या अंतिम सामन्यात गोल्डन गोल मारणारा डेव्हिड ट्रेझेगे चक्क बालेवाडीत खेळून गेला. त्याच सुमाराला कल्याणी ग्रुपनं भारत एफसी काढला. म्हणजे एकाच मैदानावर एकाच शहराची तीन बिऱ्हाडं. मी तिन्हींकडं जायचो. एकाच्या दारात दुसऱ्याचा मफलर खिशात कोंबायचो.

भारत एफसीचा पाठीराखा असण्यासारखी कुचंबणा वैऱ्यावर येऊ नये. सकाळी ऑफिसात सुस्कारा टाकून म्हणावं, "काल भारत हरला हो," की सगळे दचकून विचारत, "कधी? कुणाबरोबर मॅच होती?" संघ शेवटचा आला आणि एका मोसमात दुकान बंद. तो २०१५ चा उन्हाळा. त्याच उन्हाळ्यानं पुणे एफसीचाही लीगमधला शेवटचा मोसम पाहिला. मग मी डीएसके शिवाजीयन्सकडं वळलो. जुना क्लब, सोबत लिव्हरपूलच्या नावाची अकादमी. म्हटलं, हे टिकतील. २०१७ मध्ये तेही आय-लीगमधून बाहेर पडले. मुंबई एफसीवर मी प्रेमबिम केलं नव्हतं. पण खालिद जमीलसारखा प्रशिक्षक त्यांनी इतकी वर्षं टिकवला याचं एकदा तोंडभरून कौतुक केलं होतं. पुढं जमील ऐझॉलला गेले आणि २०१७ मध्ये त्या मिझोरामच्या चिमुकल्या क्लबला त्यांनी आय-लीग जिंकून दिली. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन खालच्या श्रेणीत घसरला आणि पुढं गुंडाळला गेला. २०१० मध्ये बंद झालेला महिंद्रा युनायटेड मात्र माझ्या नावावर घालू नका.

उरला एफसी पुणे सिटी. २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरी गाठली आणि मी हुरळून भगवा-जांभळा शर्ट विकत घेतला. २०१९ मध्ये क्लब बंद, त्याची जागा हैदराबादला. मी रागानं त्यांच्याकडं बघायचं सोडलं, आणि मी बघायचं सोडल्याबरोबर, २०२२ मध्ये, हैदराबाद एफसी लीगचा विजेता! २०२५ मध्ये तेही उठून दिल्लीला गेलं. आमच्या गावाचं नाव २०२४ मध्ये सरकारी कागदावर बदललं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तरी गाव होतं तिथंच आहे आणि कंडक्टर अजून 'नगर, नगर'च ओरडतो. इथं उलटं. मैदान उरतं, क्लब जातो.

कोल्हापुरात असं का होत नाही, हे बघायला एकदा शाहू स्टेडियमवर जाऊन आलो. तिथला फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. कुस्तीच्या आखाड्यांची नावं लावून पोरं फुटबॉल खेळतात. क्लब पेठेचा, पोरं पेठेतली, हरल्यावर तोंड लपवायला जागा नाही तीही पेठेतच. हा क्लब विकत घेऊन कोण हैदराबादला नेणार? त्याबरोबर अख्खी गल्ली न्यावी लागेल. स्टेडियमबाहेर चहाच्या गाड्यावर एकानं विचारलं, "कुठल्या तालमीचं पावनं?"

"नगरचा आहे."

"नगर म्हंजे कुठली पेठ?"

मी तोंड उघडेपर्यंत त्यानं माझ्या गळ्यातल्या जुन्या मफलरचा रंग बघितला, माझी पेठ स्वतःच ठरवली आणि मला हाताला धरून त्या बाजूच्या रांगेत नेऊन बसवलं. सामना संपेपर्यंत मी कुणासाठी ओरडलो ते मला आजही सांगता येणार नाही. पण इतक्या आपुलकीनं मला कुठल्याच स्टेडियमात कुणी बसवलं नव्हतं.

परत आल्यावर हे सगळं फोनवर पुतण्याला सांगितलं. तो डेट्रॉइटला असतो. तो म्हणाला, काका, इथं तर रीतच ही. अमेरिकेच्या वरच्या लीगमध्ये खालून खेळत चढता येत नाही, जागा विकत घ्यावी लागते. २०२३ मध्ये सॅन दिएगोच्या क्लबनं जागेसाठी ५० कोटी डॉलर मोजले. पण खालच्या श्रेणीत त्याचा लाडका डेट्रॉइट सिटी एफसी आहे. २०१२ मध्ये पाच मित्रांनी काढलेला, हौशी लीगमधून सुरुवात केलेला. शेजारच्या हॅमट्रॅमक गावात मंदीच्या काळात, १९३६ मध्ये बांधलेलं एक मोडकळीला आलेलं मैदान होतं. २०१६ मध्ये पाठीराख्यांनीच सात लाख डॉलरच्या वर रक्कम गुंतवली आणि ते खेळण्याजोगं करून घेतलं. आज क्लब अमेरिकेच्या दुसऱ्या श्रेणीत खेळतो. मध्यंतरी त्यानं लोकांना शेअरही विकले.

शेअर! हा शब्द ऐकला आणि माझ्या अंगात वारं शिरलं. अहो, हे आम्हाला अमेरिकेनं शिकवायचं? प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन, शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर सहकारी साखर कारखाना उभा केला, तो १९५० मध्ये. कारखाना चालतो, दूधसंघ चालतो, पतसंस्था चालते, मग क्लब का चालू नये? नियोजित सहकारी फुटबॉल क्लब, भाग ५०० रुपयांचा, प्रवर्तक अस्मादिक. आमच्या गच्चीवर सभा बोलावली. उपस्थिती इतकी की खालच्या मजल्यावरून खुर्च्या मागवाव्या लागल्या.

पहिला तास नावात गेला. त्यात मी पडलो नाही. मग श्रीरामपूरचे एक स्नेही उठले आणि मैदान उत्तरेत होणार की दक्षिणेत, हे आधी स्पष्ट व्हावं म्हणाले. जिल्हा विभाजनाचा विषय आमच्याकडं चहातही पडतो, हे मी विसरलो होतो. संगमनेरकरांनी लगेच हरकत नोंदवली. मैदानावर हिरवळ लागेल म्हटल्यावर पाण्याचा प्रश्न निघाला. मुळेचं आवर्तन टेलच्या शेतकऱ्याला पोचत नाही आणि तुम्ही गवताला पाजणार? पारनेर तालुक्यातल्या एकांनी तर शांतपणे उपोषणाची तारीख विचारून घेतली. शेवटी मागच्या रांगेतून एक म्हातारेबुवा काठी टेकत उभे राहिले.

"दिवाळीला सभासदांना साखर किती?"

"बाबा, हा फुटबॉलचा क्लब आहे. साखर नाही."

"मग शेअर कशापायी घ्यायचा?"

हॅमट्रॅमकच्या लोकांना हा प्रश्न कुणी विचारला नसावा. मला उत्तर सुचलं नाही. सभेनं ते बरोबर हेरलं आणि थेट संचालक मंडळाच्या निवडीवर आली. अकरा जागा, अकरा अर्ज, सगळे बिनविरोध. चेअरमनपद मला मिळालं नाही. एक चेंडू तेवढा खरेदी झाला आणि मी नको नको म्हणत असताना त्याची डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली.

अकराच्या अकरा माणसं आहेतच, तर एक मैत्रीपूर्ण सामना होऊन जाऊ दे, ही कल्पना माझी. किल्ल्याजवळच्या मैदानावर शाळकरी पोरं खेळत होती, त्यांना आव्हान दिलं. संचालकांपैकी कुणालाच बचावफळीत उभं राहायचं नव्हतं. प्रत्येकाचं म्हणणं, पुढं राहिल्याशिवाय फोटोत येत नाही. गोलकीपर म्हणून मी. पहिला चेंडू माझ्या डावीकडून गेला, दुसरा उजवीकडून, तिसरा पोटावर आपटून बाहेर आला आणि टाळ्या पडल्या. त्या धक्क्यानं मी बसलो तो बसलोच. पुढचे गोल मी बसूनच पाहिले. शेवटी सातवी-आठवीतल्या एका पोरानं मला उठायला हात दिला आणि अदबीनं विचारलं, "आजोबा, बॉल आम्ही ठेवू का?" मी आजोबा नाही. पण बॉल दिला. डेडस्टॉकातली वस्तू परस्पर दिल्याबद्दल संचालक मंडळानं मला खुलासा मागितला आहे.

गुडघ्याला पट्टी बांधून पडलो होतो तेव्हा पुतण्याचा फोन आला. म्हटलं, "हे बघ, आता माझा असा क्लब कुठलाच राहिला नाही. तुमच्या डेट्रॉइटलाच पाठिंबा द्यावा म्हणतो. एक मफलर पाठव."

पलीकडं बराच वेळ शांतता. मला वाटलं लाइन गेली.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही लुइव्हिल सिटीला पाठिंबा द्या ना. चांगला क्लब आहे. मी शर्ट पाठवतो, टपालखर्च माझा."

शर्ट वेळेवर आला. जांभळा आहे, पोटावरही नीट बसतो. २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन वर्षं ते आपल्या लीगचे विजेते होते म्हणे. डेट्रॉइटवाल्यांना अजून भारी पडतात, असंही ऐकलं. मला तर संघ फारच आवडला.